युरी बेझमेनोव्हची पुस्तिका शाळांत वाटण्याआधी: व्याख्यानमालेच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सदस्य,
कार्यकारी मंडळ, आपल्या गावची व्याख्यानमाला

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या मालेचं चौथं पुष्प युरी बेझमेनोव्ह या पश्चिमेकडे पळून गेलेल्या सोव्हिएत अधिकाऱ्यावर गुंफलं गेलं. सभागृह भरलं, बाहेर मांडवात खुर्च्या टाकाव्या लागल्या, आणि कितीतरी वर्षांनी कॉलेजची मुलं व्याख्यानाला आली. याचा मला आनंदच झाला. भाषण संपल्यावर सूत्रसंचालकांनी वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत असं जाहीर केलं. मग शाल, श्रीफळ, देणगीदारांचे सत्कार आणि आभारप्रदर्शन यांत चांगला अर्धा तास गेला. तेही चालवून घेतलं असतं. पण आता ते भाषण जसंच्या तसं पुस्तिका म्हणून छापायचं, तालुक्यातल्या माध्यमिक शाळांना फुकट वाटायचं आणि प्रश्नोत्तरं यापुढे कायमचीच बंद करायची, असे ठराव मंडळाने केल्याचं वाचनालयाच्या फलकावर लागलं आहे. मी कार्यवाहांना आधी साधं पत्र दिलं होतं. ‘मंडळाचा निर्णय झालाय, ताई’ एवढंच उत्तर आलं. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत.

सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या इतिहासात खुल्या पत्राला मानाचं पान आहे. बल्गेरियातले सोव्हिएत राजदूत फ्योदोर रास्कोलनिकोव्ह यांना १९३८ मध्ये मॉस्कोने परत बोलावलं. परत गेलेल्यांचं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते फ्रान्समध्येच राहिले. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी थेट स्टालिनला खुलं पत्र लिहून त्याने मारलेल्या क्रांतिकारकांचा, सेनापतींचा, लेखकांचा हिशेब मागितला. पुढच्याच महिन्यात नीस शहरात त्यांचा मृत्यू झाला. माझ्यावर तशी वेळ नाही. फार तर पुढच्या वर्षी पुढच्या रांगेतली खुर्ची जाईल.

माझा यात संबंध काय, असं विचारलं जाईल, म्हणून आधीच सांगते. मी पुण्यात रशियन शिकले. नाशिकजवळ ओझरला सोव्हिएत मदतीने मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तिथे तांत्रिक कागदपत्रांची भाषांतरं केली आणि गरज पडेल तेव्हा दुभाषी म्हणून उभी राहिले. पुढे घरी शिकवण्या घेतल्या. त्या संध्याकाळी केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेबद्दल बोलताना आपले वक्ते म्हणाले की, ‘त्या काळात आपल्याकडे रशियन शिकणारे सगळे याच जाळ्यातले मासे होते.’ सभागृह हसलं आणि तीनचार माना माझ्याकडे वळल्या. पंचाहत्तरी ओलांडल्यावर मासा म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही, पण नुसत्या भाषेवरून माणसाला जाळ्यात ओढायचं असेल, तर खुद्द बेझमेनोव्ह हिंदी आणि उर्दू शिकलेला होता हेही त्याच दमात सांगायला हवं होतं.

सोव्हिएत व्यवस्थेची वकिली मी करत नाही, कारण ती व्यवस्था मी जवळून पाहिली आहे. ओझरचे रशियन लोक नाशिकच्या बाजारात कधी एकटेदुकटे जात नसत. दोघंतिघं मिळून जायचे, आणि त्यांतलं एक जण खरेदीला आलेलं नसायचंच. एकदा एका इंजिनिअरच्या बायकोला मुलीसाठी चपला घ्यायच्या होत्या. दुकानदाराने बिचाऱ्याने सहज विचारलं, तुमच्याकडे अशा चपला मिळत नाहीत का? मी भाषांतर केलं. ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात सोबतची बाई खाकरली. हिने उत्तर गिळलं, मुकाट्याने पैसे दिले, कागदात बांधलेल्या चपला छातीशी धरल्या आणि ओझर येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसली. ती दुसरी बाई माझ्याशी मात्र फार गोड बोलायची. अशा देशातून माणसं का पळत होती, हे मला कोणी व्याख्यान देऊन समजावण्याची गरज नाही. म्हणूनच पळालेल्या माणसाची गोष्ट नीट सांगितली जावी, असं मला वाटतं.

पुस्तिकेत ही गोष्ट येणार नाही अशी मला भीती आहे, म्हणून थोडक्यात इथे मांडते.

युरी बेझमेनोव्हचा जन्म १९३९ चा, मॉस्कोजवळच्या मितिश्ची गावचा. वडील लष्करात वरच्या हुद्द्यावर. मॉस्को विद्यापीठाच्या पौर्वात्य भाषांच्या संस्थेत तो हिंदी आणि उर्दू शिकला. १९६३ मध्ये तो पहिल्यांदा भारतात आला तो तेलशुद्धीकरण कारखाने उभारणाऱ्या सोव्हिएत तज्ज्ञांचा दुभाष्या म्हणून. म्हणजे माझ्याच धंद्यातला. परत गेल्यावर तो ‘नोव्होस्ती’ या सोव्हिएत वृत्तसंस्थेत लागला. संस्था नावाला पत्रकारांची. परदेशांतून आलेल्या पाहुण्यांना, संपादकांना, लेखकांना देश दाखवायचा, खाऊपिऊ घालायचं, आणि ते परत जाऊन काय लिहितील याची तजवीज करायची, हे तिथलं त्याचं काम. या कामात केजीबीला सहकार्य करावं लागायचं आणि आपण ते केलं, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. १९६९ मध्ये तो पुन्हा भारतात आला, या वेळी दिल्लीच्या सोव्हिएत वकिलातीत, वृत्त अधिकारी म्हणून.

इथे आपल्या घरांचाही संबंध येतो. वकिलातीच्या याच माहिती विभागातून ‘सोव्हिएत लँड’ निघायचं. त्याच्या बऱ्याच भारतीय भाषांत आवृत्त्या होत्या, मराठीतही होती. वर्गणी नाममात्र. आत काय लिहिलंय ते आमच्या घरात वडील सोडून कुणी वाचत नसे, पण त्याचा कागद असा गुळगुळीत आणि जाड की जून महिन्यात आमच्या सगळ्या वह्यांना त्याचीच कव्हरं. माझ्या भूगोलाच्या वहीवर कित्येक महिने एक ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई होती. मागच्या पानावर दिल्लीच्या बाराखंबा रोडचा पत्ता. त्या अंकांमागच्या कचेरीत माणसं कशी बसत, कुणाला जेवायला बोलवायचं, कुणाला रशियाची सहल द्यायची हे कसं ठरवत, हे आतून पाहिलेला माणूस म्हणजे बेझमेनोव्ह. मराठी श्रोत्याला यातलं काही कळलं असतं तर त्या संध्याकाळचं सोनं झालं असतं. वक्त्यांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही.

फेब्रुवारी १९७० मध्ये तो दिल्लीतून नाहीसा झाला. केसांचा टोप, दाढी, मळके कपडे, गळ्यात माळा, असा हिप्पी बनून तो परदेशी तरुणांच्या एका जथ्यात मिसळला आणि अथेन्सला पोहोचला. तिथे त्याने अमेरिकन वकिलात गाठली. लांबलचक चौकशीनंतर त्याला कॅनडात आसरा मिळाला आणि तोमास शुमन हे नवं नावही. टोरांटोत त्याने राज्यशास्त्राचे धडे घेतले. मग कॅनडाच्या नभोवाणीच्या माँट्रियलमधल्या परदेशी सेवेत नोकरी केली. ती १९७६ मध्ये सुटली. सोव्हिएत राजदूताने वरून दबाव आणल्यामुळे सुटली, असं त्याचं म्हणणं. पुढे तो अमेरिकेत लॉस एंजेलिसला आला, रशियन भाषेतल्या एका वृत्तपत्रात लिहू लागला, भाषणं देऊ लागला. १९८४ मध्ये एडवर्ड ग्रिफिन या चित्रपटकाराने त्याची मोठी मुलाखत घेतली. आज फोनवर फिरतात ते याच मुलाखतीचे तुकडे. जानेवारी १९९३ मध्ये कॅनडातल्या विंडसर शहरात तो वारला, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. तेव्हा त्याचं नाव घेणारे थोडेच असतील. २०२० मध्ये एका अमेरिकन व्हिडिओ गेमच्या जाहिरातीत त्याची चित्रफीत वापरली गेली आणि जगभरच्या पोरांना तो ठाऊक झाला. आपल्या सभागृहात कॉलेजची मुलं आली, त्यात माझ्या मते व्याख्यानमालेपेक्षा त्या गेमचा वाटा मोठा होता.

आता तक्रारी.

पहिली त्याच्या हुद्द्याची. निमंत्रणपत्रिकेवर तो ‘केजीबीचा सर्वोच्च अधिकारी’ होता, भाषणात ‘भारतातल्या केजीबीचा प्रमुख’ झाला, पुस्तिकेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. तो वकिलातीचा वृत्त अधिकारी होता आणि केजीबीला मदत करायचा. हे कमी आहे का? वृत्त अधिकाऱ्याची साक्ष वृत्त अधिकाऱ्याची म्हणून मोलाची असते. वर्तमानपत्रं, संपादक, पाहुणे यांच्याबद्दल तो बोलतो तेव्हा कान टवकारून ऐकावं. सोव्हिएत नेतृत्व पुढच्या पन्नास वर्षांत काय करणार हे तो सांगतो तेव्हा, त्याच्या टेबलापर्यंत ही फाइल येत होती का, एवढं विचारावं.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, कारण इथे सरळ ध चा मा झाला. वक्ते म्हणाले, बेझमेनोव्हने सांगून ठेवलं आहे की भारतातले सगळे डावे लेखक आणि प्राध्यापक केजीबीची माणसं होती. मुलाखतीत तो जवळजवळ उलट सांगतो. डाव्यांच्या नादी लागू नका, वर बघा, असं आपल्याला बजावलं होतं, असं त्याचं म्हणणं. मोठ्या खपाच्या, प्रस्थापित, सनातनी वृत्तपत्रांचे संपादक, पैसेवाले चित्रपटवाले, प्रतिष्ठित विद्वान आणि एकूणच ज्यांना तत्त्वबित्त्व काही नाही पण मोठेपणाची हाव आहे, अशी माणसं गाठा, हा त्याला मिळालेला आदेश. आणि मनापासून डाव्या असलेल्या लोकांबद्दल तो सांगतो की क्रांती झालीच तर भ्रमनिरास होऊन विरोधात जातील म्हणून सगळ्यात आधी भिंतीशी उभं करायचं ते यांनाच. हे पटो न पटो, पण त्याच्या तोंडी घालायचं तर त्याने म्हटलेलंच घालावं. तो महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमाबद्दलही बोलतो. परदेशी लोक तिथे डोळे मिटून बसतात आणि आपल्या देशातले प्रश्न विसरून परत जातात, म्हणून केजीबीला त्या आश्रमात रस होता, असा त्याचा दावा. हा भाग भाषणात का आला नाही, हे मी विचारणार होते. वेळेअभावी राहिलं.

तिसरी तक्रार भाकिताची. समाज पोखरण्याच्या चार पायऱ्या तो सांगतो. आधी नीतिधैर्य खच्ची करणं, त्याला पंधरा ते वीस वर्षं, कारण विद्यार्थ्यांची एक पिढी घडायला तेवढा वेळ लागतो. मग दोन ते पाच वर्षं अस्थिरता. मग जेमतेम सहा आठवड्यांत संकट. आणि शेवटी ‘सारं सुरळीत’, हा शब्द त्याने १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घातल्यानंतरच्या सोव्हिएत प्रचारातून उपरोधाने उचललेला. हे सगळं तो अमेरिकनांना, अमेरिकेबद्दल सांगत होता. भारताचे दाखले येतात ते त्याने इथे काढलेल्या वर्षांचे. ‘भारताबद्दलचं १९८४ चं भाकीत’ अशी पाटी पडद्यावर दाखवली गेली, त्या पाटीला मुलाखतीत मला कुठेही आधार सापडलेला नाही.

बरं, अमेरिकेबद्दलच्या भाकिताचं काय झालं? त्याच्या सांगण्यात सोव्हिएत यंत्र अजिंक्य होतं आणि अमेरिकेच्या हातात थोडीच वर्षं उरली होती. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ स्वतःच विसर्जित झाला, आणि बेझमेनोव्ह ते पाहायला हयात होता. यातली सगळ्यात गमतीची गोष्ट तर मी मुलांना आवर्जून सांगितली असती. कॅनडात ज्या राजदूताने आपली नोकरी घालवली असं तो म्हणे, ते अलेक्झांडर याकोव्हलेव्ह. १९७३ पासून दहा वर्षं ते ओटावात होते. पुढे हेच याकोव्हलेव्ह शेवटचे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या ग्लासनोस्तचे, म्हणजे मोकळेपणाच्या धोरणाचे, मुख्य शिल्पकार झाले. सोव्हिएत व्यवस्थेला आतून भगदाड पडलं ते अशा माणसांच्या हातून. बेझमेनोव्हने रंगवलेल्या एकसंध, कधीही न चुकणाऱ्या यंत्रात या माणसाला जागाच नाही.

चौथं, पुराव्याचं. मुलाखत घेणारे ग्रिफिन जॉन बर्च सोसायटी या कडव्या उजव्या संघटनेच्या वर्तुळातले. कॅन्सरवर जर्दाळूच्या बियांमधल्या द्रव्याचा उपाय सांगणारं पुस्तकही त्यांनी लिहिलं आहे. एवढ्यावरून मुलाखत खोटी ठरत नाही, पण समोरचा माणूस उलटा प्रश्न विचारणारा नव्हता एवढं नक्की ठरतं. आणि बेझमेनोव्ह आपल्या जुन्या पोटापाण्याबद्दल काय सांगतो? अर्धं खरं आणि अर्धं रचलेलं बेमालूम मिसळून पाहुण्यांच्या गळी उतरवणं हे आपलं काम होतं, असं. ज्याने ही कबुली दिली त्याचं प्रत्येक वाक्य आपण वेदवाक्य मानायचं, हा उफराटा न्याय झाला.

पळून आलेल्यांची साक्ष तपासायची कशी, याचे चांगले दाखले आहेत. इगोर गुझेन्को हा ओटावाच्या सोव्हिएत वकिलातीतला सांकेतिक लिपीचा कारकून ५ सप्टेंबर १९४५ ला बाहेर पडला तो अंगावर १०९ कागद घेऊन. पहिल्या रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला कुणी उभं केलं नाही. पण कागद बोलले, चौकशी आयोग बसला, कॅनडाच्या संसदेच्या एका सदस्यासकट अनेकांवर खटले चालले. व्हिक्टर क्रावचेन्को वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत खरेदी आयोगात अधिकारी होता, एप्रिल १९४४ मध्ये फुटला. फ्रान्समधल्या एका कम्युनिस्ट साप्ताहिकाने त्याला लबाड ठरवलं, तेव्हा त्याने पॅरिसच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९४९ मध्ये जवळजवळ दोन महिने उलटतपासणी चालली. मॉस्कोने त्याच्या घटस्फोटित बायकोला त्याच्याविरुद्ध साक्षीला आणून उभं केलं. छावण्यांतून वाचलेली माणसं त्याच्या बाजूने बोलली. त्या एप्रिलमध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याची साक्ष आज वजनदार वाटते ती या भट्टीतून बाहेर पडल्यामुळे. बेझमेनोव्हने कागद आणले नाहीत आणि त्याची कोर्टात उलटतपासणीही झाली नाही. त्यात त्याचा दोष नाही. पण ही उणीव पुस्तिकेत लपवली तर तो दोष आपला.

भारतात केजीबीने उद्योग केले नाहीत असं मी म्हणते आहे, असा अर्थ कुणी काढील. उद्योग केले, आणि भरपूर केले. केजीबीच्या दफ्तरखान्यात काम करणारे वासिली मित्रोखिन १९९२ मध्ये हाताने उतरवलेल्या टिपणांचे गठ्ठे घेऊन ब्रिटनला गेले. त्या टिपणांनुसार १९७२ या एका वर्षात भारतीय वृत्तपत्रांत ३,७८९ मजकूर पेरल्याचा केजीबीचा दावा होता, आणि १९७५ पर्यंत हा आकडा ५,५१० वर गेला होता. दहा वृत्तपत्रं पगारावर असल्याची नोंदही आहे. वरिष्ठांना खूश करायला आकडे फुगवण्याची सरकारी कचेऱ्यांची जुनी खोड लक्षात घेऊनच हे वाचावं, पण वाचावं. दुसरं उदाहरण तर शाळेत शिकवण्याजोगं आहे. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या सोव्हिएतधार्जिण्या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. एड्सचा विषाणू अमेरिकेने मेरिलँडमधल्या फोर्ट डेट्रिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेत बनवला, असं त्यात होतं. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या एका साप्ताहिकाने त्या भारतीय पत्राचाच हवाला देऊन बातमी उठवली आणि ती जगभर पसरली. १९९२ मध्ये रशियन हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी यामागे आपलेच लोक होते याची कबुली दिली. सही नसलेला मजकूर, एक दैनिक, मग परदेशातून त्याच दैनिकाचा पुरावा म्हणून वापर: खोटं कसं पिकवतात हे नववीतल्या मुलालाही यातून कळेल. फोनवर फिरणाऱ्या पिवळ्या-काळ्या अक्षरांतल्या चित्रफितीतून ते कळत नाही.

पाचवी तक्रार सांगताना मला थोडं जड जातं. हिप्पीच्या टोपाचा प्रसंग वक्त्यांनी नकला करून सांगितला आणि सभागृह खो खो हसलं. प्रसंग मजेशीर आहे खरा. पण त्याला ते सोंग का घ्यावं लागलं? मार्च १९६७ मध्ये स्टालिनची मुलगी स्वेतलाना दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत चालत गेली. आपले भारतीय जोडीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली होती. अमेरिकनांनी तिला देशाबाहेर नेलं आणि आपलं सरकार मॉस्कोपुढे अडचणीत आलं. त्याच डिसेंबरात आश्रय मागणाऱ्या अझीझ उलुग-झादे या ताजिक सोव्हिएत तरुणाचं प्रकरण दिल्लीतच गाजलं. वर्ष सरता सरता भारताने सगळ्या वकिलातींना कळवलं की त्यांना आपल्या आवारात आश्रय देण्याचा अधिकार भारत मानत नाही. म्हणून बेझमेनोव्हला दिल्लीत कुणाचं दार ठोठावता येईना. तो गायब झाल्यावर त्याचा फोटो आणि पत्ता सांगणाऱ्याला बक्षीस असं निवेदन पोलिसांनी छापलं. ही हकिगत आपल्या देशाच्या परराष्ट्र धोरणाची आहे. ती नकलेत वाहून गेली.

आणि असं पळण्याची किंमत बहुतेकदा मागे राहिलेले मोजतात. अर्कादी शेव्चेन्को संयुक्त राष्ट्रांत महासचिवांच्या खालोखालच्या पदावर होते. पश्चिमेकडे गेलेल्या सोव्हिएत मुत्सद्द्यांत एवढा मोठा हुद्दा दुसऱ्या कुणाचा नव्हता. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये परत जायला नकार दिला. त्यांच्या पत्नीला मॉस्कोला नेण्यात आलं. मे महिन्यात पत्नीच्या मृत्यूची बातमी आली. आत्महत्या, असं सांगितलं गेलं. शेव्चेन्कोंना त्यांच्या गैरहजेरीत देहदंडाची शिक्षा झाली. ते अमेरिकेतच राहिले आणि १९९८ मध्ये तिथेच वारले. मी चपला घेणाऱ्या त्या बाईचा विचार करते तेव्हा टोपाच्या विनोदावर मला हसू फुटत नाही. बाकीच्यांनी हसावं, माझी हरकत नाही. पुस्तिकेत मात्र कंसात ‘हशा’ असं छापू नये.

मला यातून काय हवं आहे, ते मी सरळ लिहिते.

पुस्तिकेची छपाई थांबवावी. वक्त्यांनी केलेल्या प्रत्येक विधानाला मुलाखतीतला नेमका मिनिट किंवा अन्य आधार द्यायला त्यांना लेखी कळवावं, आणि ज्याला आधार मिळत नाही ते विधान गाळावं. वक्त्यांबद्दल मला वैयक्तिक आकस नाही. त्यांचं वक्तृत्व दमदार आहे, आवाज तर शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.

रशियन शिकलेल्या माणसांबद्दलचं वाक्य काढून टाकावं. ओझरला, भिलाईला, पवईच्या आयआयटीत सोव्हिएत तज्ज्ञांबरोबर काम केलेली मराठी माणसं अजून हयात आहेत. त्यांनी या देशाचे कारखाने आणि शिक्षणसंस्था उभ्या करायला हातभार लावला. त्यांच्या नातवंडांच्या शाळेत ही पुस्तिका जाणार आहे.

पुस्तिका काढायचीच असेल तर बेझमेनोव्हचं आयुष्य त्यात पूर्ण येऊ द्या: दुभाष्या, वृत्त अधिकारी, पळपुटा, निर्वासित, नभोवाणीवरचा निवेदक, वक्ता. शेजारी गुझेन्को आणि क्रावचेन्को येऊ द्या, मित्रोखिनच्या टिपणांतले आकडे येऊ द्या, ‘पेट्रियट’मधल्या पत्राची हकिगत येऊ द्या. मजकूर तपासून देण्याचं आणि मुद्रितशोधनाचं काम मी विनामूल्य करीन. माझं नाव कुठेही नको.

प्रश्नोत्तरं बंद करण्याचा ठराव मागे घ्यावा. गोंधळ होतो, लोक प्रश्नाच्या नावाखाली भाषणं ठोकतात, ही मंडळाची अडचण मला मान्य आहे. मीही त्या भाषणांना वैतागले आहे. त्यावर उपाय आहे: प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, अध्यक्षांनी ते वाचावेत, सत्कार आधी उरकावेत. महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून व्याख्यानमाला चालत आल्या आहेत, आणि श्रोत्याने उठून शंका विचारणं हा त्यांतला नेहमीचा भाग राहिला आहे. सोव्हिएत प्रचाराचा धोका समजावून सांगणाऱ्या कार्यक्रमातच श्रोत्यांची तोंडं बंद झाली, हे मंडळातल्या कुणाच्याच लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. तुमच्यातल्या दोघांनी मला घरी येऊन तसं सांगितलंही आहे. त्यांनी ते सभेत सांगावं.

शेवटचं: हे पत्र येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावं आणि सभेची सूचना फलकावर लावताना त्याची प्रतही शेजारी लावावी. सभासदांनी बहुमताने माझ्या विरुद्ध कौल दिला तर मी तो मानीन. सभेच्या दिवशी मी बेझमेनोव्हची संपूर्ण मुलाखत, कुठलाही तुकडा न कापता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत दाखवायची तयारी ठेवली आहे. पडदा आणि ध्वनिवर्धक संस्थेचे आहेत, त्यासाठी कार्यवाहांची परवानगी हवी. तेवढी या पत्राच्या उत्तरात कळवावी.

आपली,
संस्थेची एक आजीव सभासद आणि निवृत्त रशियन दुभाषी